हे तुला कुणी सांगणार नाही

परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करू पाहणाऱ्या मराठी मुलामुलींच्या अवतीभवती, विशेषतः पुण्याच्या कोथरूड, कर्वेनगर, सिंहगड रस्ता या पट्ट्यात, जो एक स्वयंनियुक्त आणि बिनपगारी सल्लागार आढळतो, त्याची ओळख वाचकांना नव्याने करून देण्याची गरज नाही. ज्या घरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मूल आहे, त्या घरात तो एकदा तरी येऊन, चहा घेऊन आणि सर्वांना काळजीत टाकून गेलेला असतो. सोयीसाठी त्याला येथे स्कोअरदादा म्हटले आहे. वयाने तो चाळिशीला टेकलेला असल्यामुळे मुले त्याला प्रथम ‘काका’ म्हणतात, परंतु ‘काका नको, दादा म्हण’ असे सांगून तो ही चूक पहिल्याच भेटीत दुरुस्त करतो आणि लगोलग पहिला प्रश्न टाकतो. हा प्रश्न नावाचा किंवा महाविद्यालयाचा नसतो, तो ‘किती?’ एवढाच असतो.

या ‘किती’मध्ये बरेच काही सामावलेले असते. सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांतील गुणांची दहापैकी सरासरी, किती. बॅकलॉग, म्हणजे राहिलेले विषय, किती. वायडी, म्हणजे एखादे वर्ष वाया गेलेले, आहे का आणि असल्यास किती. टोफेल, म्हणजे इंग्रजी भाषेची परीक्षा, किती आणि सर्वांवर कळस म्हणून जीआरई किती, हे सारे त्याला एका दमात हवे असते. उत्तर मिळाले की तो काही क्षण छताकडे पाहतो, ओठ किंचित बाहेर काढतो आणि ‘हं’ म्हणतो. हा ‘हं’ आशादायक आहे की निराशाजनक, याचा उलगडा आजवर कोणत्याही पालकांना झालेला नाही.

तथापि, या वर्गाचे खरे व्यवच्छेदक लक्षण म्हणजे त्याचे पालुपद. कोणतीही माहिती देण्यापूर्वी स्कोअरदादा खुर्चीत पुढे सरकतो, एकदा दाराकडे पाहतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “हे तुला कुणी सांगणार नाही.” त्यानंतर जे येते ते बहुधा परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले असते. परीक्षेला पासपोर्ट न्यायचा तर तो मूळच लागतो, झेरॉक्स चालत नाही, ही गोष्ट त्याने एका मुलीला याच प्रस्तावनेसह सांगितली, तेव्हा मुलीने ती आधीच वाचलेली होती. परंतु तिच्या आईने मात्र स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन कालनिर्णयच्या पानावर ‘पासपोर्ट – मूळ’ असे लिहून ठेवले, आणि स्कोअरदादाला एवढे श्रोतृवृंदाचे पाठबळ पुरेसे असते.

जीआरई म्हणजे ग्रॅज्युएट रेकॉर्ड एक्झामिनेशन, अमेरिकी विद्यापीठांतील पदव्युत्तर प्रवेशासाठी धरली जाणारी सामाईक परीक्षा. तिचा उगम १९३६ साली कार्नेगी फाउंडेशनने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया या विद्यापीठांसह केलेल्या एका प्रयोगात आहे. पुढे १९४७ साली स्थापन झालेली एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस, म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडची ईटीएस, ती चालवू लागली. आजच्या परीक्षेत भाषेचा ‘व्हर्बल’ आणि गणिताचा ‘क्वांट’ असे दोन मुख्य भाग असतात व प्रत्येकाचे गुण १३० ते १७० या दरम्यान पडतात. शिवाय लेखनाच्या भागाला शून्य ते सहा गुण निराळे. म्हणजे एकूण ३४० पैकी २६० गुण तळाशी बसलेल्यालाही मिळतात, आणि या २६० गुणांना स्कोअरदादा ‘हजेरीचे’ म्हणतो. एखाद्या मुलाने उत्साहाने ३०० सांगितले की तो मनातल्या मनात २६० वजा करून उरलेल्या चाळिसाकडे ज्या करुणेने पाहतो, ती करुणा मुलाच्या घरच्यांना दिसते पण कळत नाही.

स्वतः स्कोअरदादाचा गुणांक १३८० आहे. ही परीक्षा त्याने २००७ साली दिली, तेव्हा प्रत्येक भागाला २०० ते ८०० गुण असत. ऑगस्ट २०११ मध्ये ही पद्धत बदलली, विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध हे दोन प्रश्नप्रकार वगळण्यात आले, आणि त्याच दिवशी एका पिढीच्या पराक्रमाचे चलन बाद झाले. तेव्हापासून त्याला आपला गुणांक प्रत्येक वेळी समजावून सांगावा लागतो. “तीनशे चाळीसपैकी तेराशे ऐंशी?” असे एका मुलाने निरागसपणे विचारले असता त्याने जुन्या व नव्या गुणांच्या तुलनेचा तक्ता खिशातून काढला, यावरून तो तक्ता त्याच्या खिशात कायम असतो हे उघड झाले. खरी जीआरई २०११ पर्यंतचीच, पुढची सगळी सवलत, हे त्याचे मत आहे, आणि सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षा दोन तासांच्याही आत आटोपते, दोनपैकी एक निबंधही कमी झाला, हे कळल्यापासून तो तिला ‘चाचणी’ म्हणू लागला आहे.

जुन्या परीक्षेसाठी बॅरन्सच्या पुस्तकातील सुमारे साडेतीन हजार इंग्रजी शब्दांची यादी पाठ करण्याची प्रथा होती. परीक्षेचा उपयोग झाला नाही तरी शब्द राहिले, आणि राहिलेले शब्द कुठेतरी वापरणे भाग होते. म्हणून स्कोअरदादाच्या सोसायटीचे अध्यक्ष ‘गॅरुलस’, म्हणजे बडबडे, खजिनदार ‘पार्सिमोनिअस’, म्हणजे चिक्कू, आणि रात्रपाळीचा रखवालदार ‘सॉम्नोलंट’, म्हणजे झोपाळू, ठरला आहे. रखवालदाराने हे विशेषण कौतुकाचे समजून गावाकडे फोनवर सांगितले, असे म्हणतात.

गुणांइतकेच त्याला पर्सेंटाइलचे वेड असते. पर्सेंटाइल म्हणजे आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांची शेकडेवारी. त्यामुळे व्हर्बलचे १६० आणि क्वांटचे १६० हे आकडे दिसायला सारखे असले तरी पहिला आकडा परीक्षार्थींच्या वरच्या पाचव्या हिश्श्यात नेतो आणि दुसरा मध्याच्या आसपासच ठेवतो, कारण गणितात जगभरच्या, त्यातही भारत आणि चीनच्या, मुलांची वर गर्दी असते. ही माहिती खरी आहे, उपयोगी आहे आणि संस्थेच्या संकेतस्थळावर तक्त्यासह उपलब्ध आहे. स्कोअरदादा ती अर्थातच ‘हे तुला कुणी सांगणार नाही’ म्हणून सांगतो. निबंधलेखनाच्या भागात येऊ शकणाऱ्या विषयांची संपूर्ण यादी ईटीएस स्वतःच प्रसिद्ध करते, ही गोष्टही तो त्याच दबक्या आवाजात उघड करतो. निबंध एक माणूस तपासतो आणि एक संगणक-प्रणाली तपासते, हे सांगताना तर तो दाराकडे दोनदा पाहतो, जणू ती प्रणाली जिन्यात उभी आहे.

निबंधासाठी त्याच्याकडे तयार साचा असतो: पाच परिच्छेद, तीन उदाहरणे, आणि ती तीन उदाहरणे म्हणजे महात्मा गांधी, अब्राहम लिंकन व स्टीव्ह जॉब्ज. विषय शहरीकरणाचा असो, कलेच्या अनुदानाचा असो वा तंत्रज्ञानाने माणूस एकटा पडतो का असा असो, या तिघांना आळीपाळीने बोलवायचे. एका मुलीने लिंकनऐवजी सावित्रीबाई फुले घेतल्या तर चालतील का, असे विचारले. स्कोअरदादाने बराच विचार करून “संगणकाला स्पेलिंग माहीत असेल का?” अशी शंका काढली, मुलीने सावित्रीबाईंवरच लिहिले आणि तिला साडेचार गुण मिळाले, जे स्कोअरदादाच्या स्वतःच्या गुणांपेक्षा अर्ध्या गुणाने अधिक होते. त्या दिवसापासून साच्यात गांधी, लिंकन, जॉब्ज ‘किंवा सावित्रीबाई’ अशी दुरुस्ती झाली आहे.

परंतु त्याचे खरे कार्यक्षेत्र परीक्षा हे नसून एसओपी हे आहे. एसओपी म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पज: आपल्याला काय शिकायचे आहे, का शिकायचे आहे आणि त्यासाठी हेच विद्यापीठ का हवे आहे, हे अर्जदाराने एक-दोन पानांत मांडलेले निवेदन. शालेय निबंधात ‘माझा आवडता ऋतू पावसाळा’ इथपर्यंतच आत्मनिवेदनाचा सराव झालेल्या मुलांना हे दोन पाने लिहिणे जीआरईहून कितीतरी अवघड जाते, आणि म्हणून बहुतेक सर्व निवेदने बालपणात सुरू होतात. स्कोअरदादाने इतकी निवेदने वाचली आहेत की शाखेवरून त्याला बालपण ओळखता येते. मेकॅनिकलच्या मुलाने सातव्या वर्षी बाबांची स्कूटर खोललेली असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीने आजोबांचा ट्रान्झिस्टर उघडलेला असतो. संगणकवाल्याच्या घरी अमुक साली पहिला कॉम्प्युटर येतो आणि त्याचे जीवन उजळून निघते. सिव्हिलवाला दिवाळीत किल्ला करतो. हे सर्व वाचून परदेशी प्राध्यापकांचा असा समज होत असावा की महाराष्ट्रात घरातली एकही वस्तू मुलांच्या हातून सुखरूप राहत नाही.

अशा एका स्कूटरवाल्या मुलाची आणि स्कोअरदादाची बैठक येथे थोडी विस्ताराने देणे आवश्यक आहे, कारण या प्रकारच्या माणसाचे मोल तिच्यातच कळते. मुलाने आपले निवेदन पुढे ठेवले. स्कोअरदादाने लाल पेन काढले आणि पहिल्याच वाक्याखाली रेघ मारली.

“स्कूटरचं पुढं काय झालं?”

“काही नाही दादा. बसवता आली नाही. बाबांनी टेम्पोत घालून मेकॅनिककडे नेली.”

“मग हे कशाला लिहितोस? प्रवेश त्या मेकॅनिकला द्यावा लागेल.”

यानंतर ‘एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’मधला ‘एस्टीम्ड’ कापला गेला, ‘पॅशन’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे त्यावर फुली पडली, आणि शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव राहून गेले होते ते सापडले. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की स्कोअरदादा निवेदन नेहमी शेवटाकडून वाचायला घेतो. मग त्याने पेन बंद केले आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात नेमके काय केले ते सांग, असे म्हटले. बेअरिंगच्या कंपनांवरून त्याचा बिघाड ओळखायचा, असा प्रकल्प होता. “मग?” रीडिंग चुकीची येत होती. “मग?” प्रोग्राममध्ये चूक असेल म्हणून तो पुन्हा लिहिला. “मग?” तरी चुकीचीच. “मग?” मग एके दिवशी मुलाच्या लक्षात आले की सेन्सर डबल टेपने चिकटवलेला आहे आणि जलद कंपने त्या टेपच्या मऊपणातच जिरून जात आहेत, त्याने तो स्क्रूने घट्ट बसवला आणि रीडिंग जागेवर आली. सरांनी अहवालात हा भाग नको म्हणून सांगितले होते, कारण त्यात चूक दिसते.

स्कोअरदादा म्हणाला, “हे लिही. पहिल्या परिच्छेदात हे, आणि मोजमाप नीट करायला कुठं शिकवतात ते दुसऱ्यात.” त्या वेळी रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मुलाच्या आईने दोनदा डोकावून पाहिले होते, आणि विशेष म्हणजे हे सांगताना त्याने आपले पालुपद वापरले नाही. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

शिफारसपत्रांचा विषय थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यातली व्यथा सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक विद्यापीठांना तीन पत्रे लागतात, ती प्राध्यापकांनी लिहायची असतात, आणि प्राध्यापक म्हणतात, “तूच ड्राफ्ट करून आण, मी बघतो.” परिणामी, ज्या मुलाला स्वतःविषयी एक निवेदन लिहिता येत नव्हते, त्याला स्वतःविषयी आणखी तीन लिहावी लागतात, तीही तीन निरनिराळ्या वयस्कर माणसांच्या आवाजांत. स्कोअरदादाचा येथील सल्ला नाट्यशिक्षकाला शोभेल असा असतो: विभागप्रमुखांची वाक्ये लांब असू देत, प्रकल्पाच्या सरांची तुटक, आणि तिसरे पत्र कंपनीतल्या साहेबांचे असल्यास त्यात कौतुक कमी ठेव, म्हणजे ते खरे वाटेल. ही सारी व्यवस्था लबाडीची आहे, आणि तिची लबाडी मुलांपेक्षा ज्यांनी पत्र लिहायचे त्यांच्या आळसात अधिक आहे, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

पुढची पायरी म्हणजे यादी. अर्जदार आठ-दहा विद्यापीठे निवडतो, त्यांची ‘अॅम्बिशस’, ‘मॉडरेट’ आणि ‘सेफ’ अशी प्रतवारी करतो, आणि प्रत्येक अर्जाला बहुधा पाऊणशे ते सव्वाशे डॉलर मोजतो. दहापैकी सीजीपीएचे चारपैकी गुणांत रूपांतर करू नये, गुणपत्रिकेवर आहे तसाच आकडा भरावा, अशी सूचना अनेक अर्जांतच दिलेली असते, आणि ती कुणी सांगणार नाही अशी स्कोअरदादाची खात्री असते. मध्यंतरी मात्र त्याच्यावर मोठे संकट आले. २०२० च्या साथीत परीक्षाकेंद्रे बंद पडली, अनेक विभागांनी जीआरईची अट काढली आणि पुढे ती परत आणलीच नाही; एमआयटीचा विद्युत व संगणक विभाग तर जीआरई मागतच नाही. इतर कितीतरी ठिकाणी ‘ऑप्शनल’, म्हणजे ऐच्छिक, असा शेरा आला. ज्याच्या आयुष्याचा कणा १३८० हा आकडा आहे, त्याने या शेऱ्याचा अर्थ कसा लावावा? स्कोअरदादाने तो लग्नपत्रिकेवरच्या ‘कृपया आहेर आणू नये’ या ओळीसारखा लावला: छापलेले असते खरे, पण रिकाम्या हाताने गेलेला लक्षात राहतो. हे भाष्य पूर्णतः बरोबर नाही. काही विभाग खरोखरच गुण पाहत नाहीत, काही पाहतात, आणि कोण काय करतो हे त्या त्या विभागाला ईमेल करून विचारता येते. कालांतराने स्कोअरदादाही तेच सांगू लागला. प्रस्तावना कोणती केली असेल, ते वाचकांनी ओळखावे.

येथवरच्या वर्णनावरून हा माणूस केवळ हास्यास्पद आहे असा समज होऊ नये म्हणून त्याला त्याच्या बाजारपेठेत उभा करून पाहणे न्यायाचे ठरेल. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले, आणि या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १ लाख ९६ हजार पदव्युत्तर शिक्षण घेत होते. एवढ्या मोठ्या ओघाच्या काठावर दुकाने लागणारच. फर्ग्युसन रस्त्यापासून पौड रस्त्यापर्यंत हसऱ्या मुलांची छायाचित्रे आणि विद्यापीठांची बोधचिन्हे असलेले फलक दिसतात. आत गेले की पॅकेज असते, पॅकेजमध्ये एसओपीच्या अमुक आवृत्त्या असतात, आणि परदेशी विद्यापीठांकडून प्रवेशामागे दलाली घेणारे काही जण विद्यार्थ्याला कुठे जायचे यापेक्षा आपल्याला कुठून मिळायचे हे पाहून यादी करतात. तिथे स्कूटर कापली जात नाही. उलट ज्याच्या निवेदनात स्कूटर नसेल त्याला ती पुरवली जाते. स्कोअरदादा या सर्वांच्या तुलनेत अज्ञानी असेल, जुनाट असेल, पण त्याची किंमत एक कप चहा आहे, आणि साखर कमी असली तरी तो तक्रार करत नाही.

या वर्गात दोन पोटभेद आहेत. एक गेलेला आणि एक राहिलेला. गेलेला न्यू जर्सीहून किंवा डॅलसहून रात्री-बेरात्री फोनवर सल्ला देतो. तो ज्या वर्षी गेला त्या वर्षीच त्याचे ज्ञान गोठलेले असते, आणि त्याच्या हिशेबात डॉलर अजून पंचेचाळीस रुपयांना मिळतो. राहिलेला मात्र दरवर्षी नव्याने अभ्यास करतो, कारण त्याचा अर्ज एका अर्थाने अजून सुटलेला नसतो. ज्या स्कोअरदादाचे वर्णन येथे चालू आहे तो राहिलेला आहे. त्याला २००९ च्या ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी प्रवेश मिळाला होता. आदल्या वर्षीच्या मंदीने विद्यापीठांचे अर्थसंकल्प आकसले होते, असिस्टंटशिप, म्हणजे शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदल्यात मिळणारी फीमाफी व विद्यावेतन, त्याला मिळाली नाही, आणि वडिलांच्या निवृत्तीला दोनच वर्षे उरली असताना राहते घर बँकेकडे तारण ठेवायला त्याने स्वतःच नकार दिला. या गोष्टीचा उल्लेख तो करत नाही. ती त्याच्या आईने एका मुलाच्या आईला भाजीवाल्याजवळ सांगितली.

अर्जलेखनाच्या मराठी इतिहासात एक जुने उदाहरण आहे, आणि ते स्कोअरदादाच्या बाजूने साक्ष देते. १८८३ साली आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेत पोहोचल्यावर न्यू जर्सीतील रोझेल येथून पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. जीआरई निघायला अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. प्रवेशाच्या सर्व अटींमध्ये आपण बसत नसू, हे त्यांनी त्या पत्रात स्वतःच सांगितले, त्याबद्दल रडगाणे गायले नाही, आणि आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून शिकायचे आहे हा हेतू सरळ मांडला. महाविद्यालयाने त्यांना घेतले आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्या पत्रात खेळणे मोडल्याचा उल्लेख नाही. ज्याच्या गुणपत्रिकेवर वायडी आहे अशा मुलाला स्कोअरदादा नेमके हेच सांगतो: एका वाक्यात कारण लिही, माफी मागू नकोस, आणि पुढच्या वाक्यात कामाला लाग. आनंदीबाईंचे पत्र त्याने वाचले असल्याचा पुरावा नाही.

आता त्या पालुपदाकडे वळता येईल. स्कोअरदादाच्या बोलण्याचे बारकाईने निरीक्षण केल्यास असे दिसते की जी गोष्ट सर्वत्र छापलेली असते तिच्याआधीच तो ‘हे तुला कुणी सांगणार नाही’ असे म्हणतो. आणि जी गोष्ट खरोखरच कुणी सांगत नाही ती तो कोणतीही प्रस्तावना न करता सांगतो, बहुधा घरात नव्हे तर खाली पार्किंगमध्ये, स्कूटरला किल्ली लावता लावता, आईवडील वर असताना. बाबांची निवृत्ती कधी आहे? घर कुणाच्या नावावर आहे? शिक्षण संपल्यावर विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला तिथे नोकरीसाठी मिळून तीन वर्षे मिळतात, पुढे एच-वन-बी व्हिसासाठी सोडत निघते, वर्षाला ६५ हजार अधिक २० हजार एवढ्याच जागा असतात आणि अर्ज कितीतरी जास्त येतात. नंबर लागला नाही तर कर्ज इथल्या पगारात फिटेल का, हे कागदावर मांडलंस का? फी भरायला अडचण असेल तर विभागाला अर्जशुल्क माफीसाठी ईमेल कर, लाजू नकोस, फार तर नाही म्हणतील. आणि सर्वांत शेवटी, हेल्मेट घालता घालता: “तुला जायचंय, का सगळी चाललीत म्हणून?” या प्रश्नाचे उत्तर तो ऐकायला थांबत नाही. फलकांखालच्या कोणत्याही दुकानात हा प्रश्न विचारला जात नाही, कारण त्याचे एक संभाव्य उत्तर धंद्याला घातक आहे. या प्रश्नानंतर दोन मुलांनी अर्जच केले नाहीत असे ऐकिवात आहे. त्यांच्या आईवडिलांनी स्कोअरदादाला बरेच दिवस चहाला बोलावले नव्हते.

स्कोअरदादाच्या संगणकावर एक एक्सेल शीट असते. तिच्यात प्रत्येक मुलाचे नाव, सीजीपीए, व्हर्बल, क्वांट, टोफेल, अर्ज केलेली विद्यापीठे अशा ओळीने चौकटी भरलेल्या असतात, एसओपीची कितवी प्रत कोणत्या तारखेला तपासली तेही असते, आणि अगदी उजवीकडे ‘निकाल’ असा एक स्तंभ असतो. तो स्तंभ अर्ध्याहून अधिक मोकळा आहे. मुलांचे प्रवेश होतात, व्हिसा होतो, मुंबई विमानतळावर दोन मोठ्या बॅगांसह काढलेले छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर येते, आणि स्कोअरदादा त्या छायाचित्राखाली अंगठा उमटवतो. परंतु कोणत्या विद्यापीठाने हो म्हटले आणि कोणी नाही म्हटले, हे त्याला कळवण्याचे मुलांच्या लक्षात राहत नाही. नकार मिळालेली मुले तर शरमेने कळवत नाहीत, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना सल्ला देण्यासाठी सर्वांत उपयोगी माहिती नेमकी तीच असते.

ज्या वाचकाचे किंवा वाचकाच्या मुलामुलीचे निवेदन अशा एखाद्या माणसाने रात्री जागून तपासले असेल, त्याने निकाल आल्यावर त्याला एक ओळ पाठवावी: विद्यापीठाचे नाव, आणि हो की नाही. पत्रे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात येतात. एकही होकार आला नसला तरी पाठवावी, आणि तेव्हा त्याला काका म्हणू नये.